मेलेल्या राजाची अंगठी

१

शनिवारी सकाळी सर राल्फ डेकम यांनी पलंगावरची चादर सारखी करायला हात पुढे केला आणि तो हात तसाच हवेत थांबला.

"अंगठी कुठंय?"

त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या पाच माणसांपैकी कोणीच उत्तर दिलं नाही. सहावा, ज्याची ती अंगठी होती, तो आदल्या पहाटेपासून उत्तरं देण्याच्या पलीकडे गेला होता.

राजा हेन्री शुक्रवारी पहाटे वारले होते. पण व्हाइटहॉलच्या राजवाड्यात हे ठाऊक असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच. बाकीच्या इंग्लंडसाठी राजा जिवंत होता, आजारी होता आणि नेहमीसारखा चिडलेला होता. गादीचा वारस एडवर्ड अवघा नऊ वर्षांचा पोर. तो दूर खेड्यातल्या वाड्यात होता आणि त्याला आणायला सरदार मंडळी घोड्यांवरून गेली होती. पोर लंडनच्या किल्ल्यात सुखरूप पोचेपर्यंत कोणाला काही कळता कामा नये, असा हुकूम होता. कारण त्या पोराला एक थोरली सावत्र बहीण होती, मेरी. तिशी ओलांडलेली, पहिल्या राणीची मुलगी. बापाने तिला एकदा अनौरस ठरवलं होतं, मग मन बदलून पुन्हा वारसांच्या रांगेत, भावाच्या मागे उभं केलं होतं. पूर्वेकडच्या परगण्यांत तिच्यासाठी तलवार उपसायला तयार असलेली घराणी कमी नव्हती. तिला ही बातमी आधी लागली तर काय होईल, या धास्तीने सरदारांची झोप उडाली होती.

म्हणून सरदारांनी सर राल्फवर जबाबदारी सोपवली आणि महालाचं दार बंद झालं. राजाच्या शेवटच्या घटकेला जे आत होते ते आतच राहिले आणि नाटक सुरू झालं. जेवणाची वेळ झाली की बाहेरच्या दालनात तुताऱ्या वाजत, झाकलेली ताटं मानाने दारापर्यंत येत, आणि थोड्या वेळाने उष्टी भांडी परत जात. राजा जेवतोय म्हणजे राजा आहे.

त्या दाराचा मानकरी होता अँब्रोज थर्लबी. साठीला टेकलेला उंच माणूस, गुडघ्यांनी दगा दिलेला, हातात सदा काळी छडी. राजाच्या खोलीत कोण जाणार आणि कोण बाहेर थांबणार, हे ठरवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. दोन राण्यांना त्याने त्या दारातून परत पाठवलं होतं आणि त्याचा आवाज एकदाही चढला नव्हता.

"काल संध्याकाळी मी आलो तेव्हा अंगठी बोटात होती," सर राल्फ म्हणाले. "लाल खडा. मेणबत्तीत चमकत होता. थर्लबी, बाहेर काय काय गेलं?"

"भांडी, सरकार. प्रत्येक भांडं मी स्वतः उलटं करून पाहिलंय."

"म्हणजे अंगठी इथेच आहे."

सर राल्फच्या विश्वासातल्या शिपायांनी पाचही जणांना नागवं करून तपासलं. गाद्या उसवल्या, चुलाण्यातली राख चाळली, पाद्रीबाबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकाचं पान न् पान झटकलं. राजाच्या अंगाभोवती छातीपर्यंत मेणकापड गुंडाळलेलं होतं. तेवढ्याला मात्र हात लावायची कोणाची छाती झाली नाही. अंगठी मिळाली नाही.

सर राल्फ आता पांढरेफटक पडले होते. "ती अंगठी जिवंतपणी त्या बोटातून निघत नव्हती. मेरीच्या हातात ती पडली की तिला पत्र नको नि निरोप नको, बाप मेला हे अंगठीच सांगेल. थर्लबी, दार तुझं आहे. उद्या मावळतीला मी येईन. मला एक नाव दे. नाव नसेल तर पाच फास तयार ठेवतो. मला तितकाच वेळ लागेल."

दाराशी जाऊन ते वळले.

"तो हुजऱ्या तुझा भाचा ना रे? त्यालाही मी पाचांत धरलाय."

बाहेरून अडसर पडला.

२

आजवर त्या दाराचा अडसर अँब्रोजच्या हातात असायचा. तो दुसऱ्या बाजूने पडताना ऐकण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

खिडक्यांची दारं खिळे ठोकून बंद केलेली. धुपाचा वास, मेणाचा वास आणि त्याखाली एक तिसरा वास, ज्याचं नाव कोणी काढत नव्हतं. आत उरलेली चार माणसं त्याच्याकडे पाहत होती: शल्यवैद्य जेरोम विनकॉट, न्हावी ह्यू पेनस्टॉक, पाद्री फादर ऑस्बर्ट आणि हुजऱ्या पिअर्स रास्टल. पिअर्स हा अँब्रोजच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. दहाव्या वर्षापासून त्याने त्याला वाढवला होता.

"आता तुम्हीच आमचे न्यायाधीश म्हणायचे," जेरोम म्हणाला. वैद्यकीपेक्षा त्याची जीभच जास्त तिखट होती. "तुमच्यासकट फाशी जाणारा न्यायाधीश मी पहिल्यांदाच पाहतोय."

"हात दाखव मला."

"माझा?"

"त्यांचा."

जेरोमने मेणबत्ती खाली धरली. सुजलेल्या बोटावर नखापासून मुळापर्यंत बारीक वळ उमटले होते. एकाला लागून एक, सुतळी गुंडाळलेल्या भोवऱ्यासारखे.

जेरोमने हलकेच शीळ घातली. "दोरा. रेशमाचा. अंगठी रुतून बसली की बोट कापायचं नसेल तर हाच उपाय. दोऱ्याचं टोक अंगठीखालून घालायचं, बोट घट्ट गुंडाळत यायचं आणि मग मागून उलगडायचं. अंगठी इंचाइंचाने वर येते. पण हात हवा दगडासारखा स्थिर. घाईचं काम नाही हे."

"तुला येतं?"

"येतं. ह्यूलाही येतं. आमच्या दोघांच्याही धंद्यातलं आहे. हवं तर मला धरा, पण मग मी या वळांचा अर्थ तुम्हाला कशाला सांगितला असता, याचाही विचार करा."

रात्री पाळीपाळीने प्रत्येक जण प्रेताजवळ एकटा बसला होता. त्यामुळे संधी सगळ्यांनाच होती. अँब्रोजने न्हाव्याला खिडकीच्या कोनाड्यात बोलावलं.

ह्यू पेनस्टॉक बुटका, गोल, एरवी अखंड बडबडणारा. आज तो हात काखेत दाबून उभा होता.

"ह्यू, हात का लपवतोस?"

"थंडी वाजतेय."

"चुलाण्यात लाकडं धडधडतायत. हात बाहेर काढ."

"थर्लबीसाहेब, पाया पडतो, ते सोडून काहीही विचारा."

"हात काढ!"

ह्यूने हात पुढे केले. ते वाऱ्यातल्या पानांसारखे थरथरत होते. त्याने एका हाताने दुसरा धरायला पाहिलं, तर दोन्ही मिळून थरथरायला लागले.

"भीतीने नाही," तो पुटपुटला. "पानगळीपासून असंच आहे. गेले तीन महिने राजाच्या गालाला वस्तरा मी लावलेलाच नाही."

३

"मग दाढी कोण करत होतं?"

ह्यूने नकारार्थी मान हलवली. "ज्याने केली त्याने माझ्या घरातली चूल विझू दिली नाही. राजा डोळे मिटून पडायचा, मी बाजूला उभा राहून गप्पा मारायचो आणि वस्तरा तो चालवायचा. त्याचं नाव सांगून मी पाप डोक्यावर घेणार नाही. फाशी द्या."

अँब्रोजने आग्रह धरला नाही. का धरला नाही, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

तेवढ्यात तुताऱ्या वाजल्या. मटण भरून भाजलेली वाफाळती पोळी, मसाल्याची दारू, साखरेत मुरवलेली नासपती. ताटं आत आली आणि दार लागलं. प्रेताच्या पायथ्याशी बसून ती माणसं राजाचं जेवण जेवू लागली, कारण भांडी उष्टी परत जायला हवी होती.

"घ्या, महाराजांना आज भूक चांगली आहे," पिअर्स म्हणाला. तेविशीचा, सडसडीत, आईचेच करडे डोळे. त्याने मोठा तुकडा कापला. "कालपासून माझं वजन वाढलंय. गादीवर बसायला मी लायक होत चाललोय."

"जीभ आवर," अँब्रोज म्हणाला.

फादर ऑस्बर्ट कोपऱ्यात कोरडा पाव चावत होते. पुरलेलं नसलेलं प्रेत समोर असेपर्यंत पावापलीकडे तोंडात काही घालायचं नाही, असं त्यांचं व्रत होतं. कालच्या ताटातलंही त्यांनी काही घेतलं नव्हतं.

"काल मात्र अन्याय झाला," ह्यू म्हणाला. खाऊ लागल्यावर त्याची वाचा परत आली होती. "शुक्रवारचा मासा केवढा होता! आणि मी हात धुऊन येतो तो डोकं गायब. माशाच्या गालाचं मांस म्हणजे लोणी असतं हो. कोणी पळवलं?"

"मी नाही," जेरोम म्हणाला. "माझं लक्ष तेव्हा टोपलीकडे होतं."

"कसली टोपली?" अँब्रोजने विचारलं.

"पायाच्या पट्ट्यांची. रोज सकाळी परटिणीकडे जाते ना, ती. राजाच्या पायाची जखम एकाएकी बरी झाली असं तिला वाटलं तर ती गावभर बोंबलेल. म्हणून मी जुन्या चादरी फाडून पट्ट्या केल्या, थोडं मलम फासलं आणि टोपली भरून ठेवली. बघा, मरणाऱ्यापेक्षा मेलेल्याची चाकरी जास्त."

"पट्ट्या कोऱ्या होत्या?"

"कोऱ्या करकरीत. त्या पायाला कालपासून मी मेणकापडात बंद केलंय. वापरलेल्या पट्ट्या आणू कुठून? होत्या त्या सगळ्या जाळल्या."

अँब्रोजच्या हातातला घास ताटात पडला.

आज सकाळी ती टोपली त्याच्या दारातून गेली होती. त्याने छडीच्या टोकाने वरची पट्टी उचलली होती, आणि असा काही भपकारा आला होता की त्याने तोंड फिरवून परटिणीला हाताने जा म्हणून खुणावलं होतं. ती जखम सगळ्या राजवाड्याला वासाने ठाऊक होती. त्या टोपलीला कोणी सामान मानतच नसे. म्हणून तर 'बाहेर काय गेलं' या प्रश्नाला ती त्याला आठवलीसुद्धा नव्हती.

पण मेलेल्या पायाच्या कोऱ्या पट्ट्यांना वास कसला?

चुलाण्याच्या उबेत रात्रभर ठेवलेल्या माशाच्या डोक्याचा.

४

रविवारी सकाळी फादर ऑस्बर्टनी हळू आवाजात प्रार्थना म्हटली. अँब्रोजचं लक्ष लागलं नाही. त्याच्या डोक्यात एकेक दार आपोआप बंद होत होतं, आणि शेवटी एकच उघडं राहिलं होतं.

प्रार्थना संपल्यावर त्याने पिअर्सला खिडकीच्या कोनाड्यात नेलं.

"बस."

"उभा बरा आहे, मामा."

"मग उभ्याने ऐक. अंगठी पट्ट्यांच्या टोपलीतून गेली. कोणी हात घालू नये म्हणून वर सडका मासा ठेवला होता. जेरोमने हे केलं नाही. त्याला चोरी करायची असती तर त्याने खऱ्या, पुवाने भरलेल्या पट्ट्या राखून ठेवल्या असत्या. त्याने त्या जाळल्या, आणि कोऱ्या ठेवल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पाद्रीबाबा ताटाजवळ फिरकलेसुद्धा नाहीत, मग माशाचं डोकं त्यांच्याकडे कुठून येणार? ह्यूला तो दोरा सुईत ओवता येणार नाही, बोटाला गुंडाळायची गोष्टच सोड. पण ह्यूच्या जागी तीन महिने ज्याने राजाच्या गळ्यावर वस्तरा फिरवला आणि एक ओरखडाही काढला नाही, त्याचा हात स्थिर असणारच, आणि दोऱ्याची युक्तीही त्याने ह्यूकडूनच उचलली असणार."

पिअर्सने खिळे ठोकलेल्या खिडकीकडे नजर वळवली.

"बोल ना. म्हण, मामा तुम्ही चुकलात. मी ते ऐकायला इथे उभा आहे."

"तुम्ही चुकत नाही," पिअर्स म्हणाला. "लहानपणापासून मला त्याचाच त्रास होता."

अँब्रोजने मागे वळून पाहिलं. बाकीचे तिघे चुलाण्याजवळ होते.

"का?"

"सरदार मेरीबाईंना पकडणार आहेत. पोराला किल्ल्यात नेलं की पुढची स्वारी तिच्या घरावर. तिला कळायच्या आधी वाड्याभोवती शिपाई असतील. बाप मेल्याचं तिला त्यांच्याकडून कळणार, तेही कुलूप लावता लावता."

"हे राजकारण तुला कोणी शिकवलं?"

"राजकारण?" पिअर्सचा आवाज चढला, मग त्याने तो गिळला. "मामा, आई गेली तेव्हा तुम्ही इथे या दारावर होतात. ती मेरीबाईंच्या घरात चाकरीला होती, तापाने फणफणलेली. कोणी जवळ जायला तयार नव्हतं. राजाची मुलगी रात्रभर तिच्या उशाशी बसली होती. मी पलंगाखाली लपलो होतो आणि मला फक्त तिचे पाय दिसत होते. सकाळी तिनेच मला बाहेर ओढून सांगितलं, तुझी आई गेली. दुसऱ्या कोणाला तिने ते सांगू दिलं नाही. तिला गादी मिळावी म्हणून मी काही केलेलं नाही. तिला एक दिवस आधी कळावं, एवढंच. पळायचं तर पळेल, रडायचं तर रडेल."

"आणि त्या एका दिवसासाठी पाच माणसं लटकणार."

"मला वाटलं होतं, सोमवारी पोर किल्ल्यात येईपर्यंत कोणाच्या लक्षात येणार नाही."

"अंगठी पोचली?"

पिअर्सने मान खाली घातली. "सिसली परटिणीशी आधीच ठरलं होतं, अंगठी आली म्हणजे राजा गेला. तिचा भाऊ एसेक्सला, मेरीबाईंच्या वाड्याकडे, सामानाची गाडी हाकतो. पण शिपाई म्हणतात, शुक्रवारपासून वेशी बंद आहेत. राजवाड्याबाहेर कुत्रंसुद्धा सोडत नाहीत. अंगठी तिच्याकडेच असणार."

म्हणजे अंगठी भिंतीपलीकडेच होती, आणि ती भिंत ओलांडायचा मार्ग कोणालाच नव्हता.

"मी सर राल्फना माझं नाव सांगतो," पिअर्स म्हणाला. "तुम्ही सुटाल."

"आणि सिसली? तिचं नाव तुझ्याकडून काढायला त्यांना किती वेळ लागेल? त्यांची हत्यारं मी पाहिलीत, पोरा. तू पाहिलेली नाहीस."

पिअर्सच्या करड्या डोळ्यांत पहिल्यांदाच भीती आली. त्याने स्वतःचा विचार केला होता, राजकन्येचा केला होता. परटिणीचा केला नव्हता.

"मग काय करू, मामा?"

अँब्रोज दाराकडे निघाला होता. त्याने छडीने दारावर ठोठावलं.

५

"परटिणीला बोलाव," त्याने बाहेरच्या शिपायाला सांगितलं. "महाराज संतापलेत."

सिसली टिबट आली ती पदराला हात पुसतच. रुंद खांद्यांची, लाल हातांची बाई. राजवाड्यात ती कोणाला भ्यायची नाही, कारण सगळ्यांचे डाग तिला ठाऊक होते. पण आज ती दारापासून दोन हात लांबच थांबली. तिच्या एका बाजूला एक भालेवाला, दुसऱ्या बाजूला दुसरा.

"सिसलीबाई, कालच्या टोपलीतली एक पट्टी परत आली नाही."

"अगं बाई! अहो दारवाले, त्या घाणीतल्या पट्ट्या मोजत बसलात होय? दुसरा धंदा नाही वाटतं."

"मी नाही मोजत. महाराज मोजतात."

तिने त्याच्याकडे पाहिलं. महाराजांना आता काहीच मोजता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. दोघांच्या मध्ये दोन भाले उभे होते.

"पिअर्सने बांधून दिली होती म्हणे," अँब्रोज म्हणाला. त्याने आवाज कंटाळलेला ठेवला. "वेगळी गुंडाळी. नव्या कापडाची. तो म्हणतो, अशा हवेत ती वाळायची नाही. असेल तशी परत दे म्हणाला."

"तो स्वतः म्हणाला?"

"माझ्यासमोर. तोंड एवढंसं करून."

"मार खाल्ला असेल महाराजांचा," एक भालेवाला हसून म्हणाला.

"खाल्ला नाही अजून," अँब्रोज म्हणाला. "पट्टी आली नाही तर खाईल. तो एकटाच नाही. आतले सगळे खातील. आणि मग महाराज परटिणींचीही चौकशी करतील."

सिसलीचे लाल हात पदरात गुंतले. क्षणभर त्याला वाटलं, ही आता पळत सुटेल किंवा रडायला लागेल. मग तिने नाक मुरडलं.

"एका चिंधीसाठी केवढं हे! आणते, आणते. बायकोने कधी तुमच्या बंड्या मोजल्या होत्या का हो, दारवाले?"

ती गेली. अँब्रोज उभाच राहिला. गुडघे आग ओकत होते, पण तो बसला नाही. बसला असता तर पुन्हा उठता आलं नसतं. दालनाच्या त्या टोकाला कोणी चाललं की त्याला सर राल्फच्या टाचा ऐकू येत.

ती परतली तेव्हा तिच्या हातावर धुतलेल्या, घडी घातलेल्या कापडांचा ढीग होता. वर एक जाडजूड गुंडाळी. भालेवाल्याने हात पुढे केला.

"ए!" सिसली कडाडली. "हात धुतलेस का मेल्या? जखमेला लागणारं कापड आहे. उद्या पाय चिघळला तर तुझं नाव सांगू का महाराजांना?"

त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

अँब्रोजने ढीग उचलला. गुंडाळी अपेक्षेपेक्षा जड होती.

६

मावळतीला सर राल्फ आले. त्यांच्यामागे चार शिपाई.

"नाव?"

"चोर नाही, सरकार," अँब्रोज म्हणाला.

"थर्लबी, मला थट्टा नकोय."

"अंगठी घरंगळली. मेणकापडाची घडी मनगटाखाली आहे ना, तिच्यात जाऊन बसली होती. महाराजांच्या अंगाला हात लावायला कोणी धजलं नाही, म्हणून काल सापडली नाही. आज आम्ही पाचांनी मिळून, देवाची क्षमा मागून, घडी सोडली."

त्याने मेणकापडाची कड उचलली. लाल खडा चमकला.

सर राल्फ खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"रुतलेली अंगठी घरंगळते कशी?"

हा प्रश्न अँब्रोजला नव्हता. त्यांनी जेरोमकडे पाहिलं होतं. जेरोमला अँब्रोजने काहीच सांगितलेलं नव्हतं. सांगायला धीर झाला नव्हता. बोटावरचे वळ जेरोमनेच वाचले होते, आणि आत्ता त्याने एक शब्द उच्चारला असता तर खेळ संपला असता.

"मेल्यावर अंगातलं पाणी खाली उतरतं," जेरोम म्हणाला. "सूज ओसरते. मोठ्या देहांत असं होतं." तो थांबला. "मी आधीच घडी उघडायला हवी होती. चूक माझी."

"हो हो, होतं असं," ह्यू काखेत हात दाबून म्हणाला. "माझ्या सासऱ्याची तर..."

"तुला विचारलं नाही. फादर ऑस्बर्ट!"

पाद्रीबाबा कोपऱ्यातून उठले. ते खोटं बोलत नाहीत हे सगळ्या दरबाराला माहीत होतं. राजाशीही ते कधी खोटं बोलले नव्हते, आणि त्यासाठी एकदा वर्षभर तुरुंगात राहून आले होते.

"देवाला स्मरून सांगा. या चौघांपैकी कोणी ती अंगठी काढताना तुम्ही पाहिलं?"

पिअर्स भिंतीसारखा पांढरा झाला होता.

"देवाला स्मरून," म्हातारा सावकाश म्हणाला, "मी कोणालाही ती काढताना पाहिलं नाही."

सर राल्फनी एकेकाच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली. मग त्यांनी अंगठी उचलली, रुमालाने पुसली आणि स्वतःच्या हाताने राजाच्या बोटात सारली. ती अर्ध्यावर अडली. त्यांनी जोर लावला तेव्हा कुठे ती बसली. वळून त्यांनी अँब्रोजकडे पाहिलं.

सूज ओसरली असती तर ती अडली नसती. दोघांनाही ते कळलं होतं.

"उद्या सकाळी सरदारांना अंगठी बोटात दिसली पाहिजे होती," सर राल्फ म्हणाले. "दिसेल. बाकीचं मला ऐकायचं नाही." शिपायांना त्यांनी मानेने खूण करून बाहेर पाठवलं आणि दाराशी थांबून हळूच म्हणाले, "खोटं बोलायला उशिरा शिकलास, थर्लबी. पण चांगलं शिकलास."

सोमवारी दार उघडलं. राजा हेन्री वारल्याचं आणि एडवर्ड राजा झाल्याचं दवंडीवाल्यांनी ओरडून सांगितलं, घंटा वाजल्या, आणि ज्यांना तीन दिवस काहीच ठाऊक नव्हतं ती माणसं एकदम मोठमोठ्याने रडायला लागली. ह्यू घराकडे धावत सुटला. जेरोम जाता जाता म्हणाला, "माझं देणं लागता तुम्ही. काय ते विचारू नका, मलाही माहीत नाही." फादर ऑस्बर्टनी अँब्रोजच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि ते जेवायला गेले.

पिअर्स पाठीवर बोचकं घेऊन उभा होता.

"एसेक्सला?"

"वेशी उघडल्यात. आता तिला कळलंच असेल. तरी जातो."

"पिअर्स, दुसरा मार्ग नव्हता."

"माहीत आहे, मामा." त्याने वाकून मामाच्या हाताला ओठ टेकवले, आणि अँब्रोजला वाटलं तो आणखी काही बोलेल. पण त्या पोराने फक्त दाराकडे पाहिलं, चौकटीपासून अडसरापर्यंत, जसं एखादं जनावर सापळ्याकडे पाहतं. मग तो बाहेर पडला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

अँब्रोजला मात्र जायला जागा नव्हती. देवडीचा मानकरी एका राजाचा नसतो. दुपारी सर राल्फनी त्याला नावेतून लंडनच्या किल्ल्यात नेलं, चक्राकार जिन्याने वर चढवलं आणि एका नव्या, ओकच्या जाड दारासमोर उभं केलं. दारापलीकडे कोणीतरी लहान आवाजात लॅटिन पाठ म्हणत होतं, एक शब्द चुकत होतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतं.

"माझ्या परवानगीशिवाय आत कोणी जाणार नाही," सर राल्फ म्हणाले.

"होय, सरकार."

"आणि बाहेर कोणी येणार नाही."

अँब्रोजने दाराकडे पाहिलं. "महाराजसुद्धा?"

"महाराज तर मुळीच नाहीत," सर राल्फ म्हणाले आणि जिना उतरून गेले.